आमच्या तालुक्यावर प्रयोग करा, पण सांगून करा

सापगाव, ता. शहापूर, जि. ठाणे

प्रति,
राज्य शासनाच्या विविध विभागांत माहिती तंत्रज्ञानाची जबाबदारी सांभाळणारे सर्व अधिकारी,
तसेच शासनासाठी ॲप आणि पोर्टल तयार करणाऱ्या कंपन्यांचे प्रकल्पप्रमुख यांस,



आपण तयार केलेले सॉफ्टवेअर लोकांपर्यंत ज्या रीतीने सोडता, त्या रीतीबद्दल हे पत्र आहे. शहापूरहून मुरबाडकडे जाताना भातसा नदीवर सापगाव लागते, तिथे मी राहते. नोकरी ऐरोलीला, एका खासगी कंपनीत. आसनगावहून लोकल, ठाण्याला गाडी बदलायची. हुद्दा रिलीज इंजिनिअर. प्रोग्रामर जो कोड लिहितात तो ग्राहकापर्यंत सुखरूप पोचवायचा आणि बिघडला तर ग्राहकाला कळायच्या आत मागे घ्यायचा, एवढेच माझे काम. दिवसभर मी जे नियम पाळते त्यांतले फार थोडे मला सरकारी ॲपमध्ये दिसतात, आणि त्याचा भुर्दंड माझ्या घरातली, शेजारपाजारची माणसे भरतात. म्हणून लिहायला बसले.

माझी चुलत जाऊ एका शासकीय योजनेसाठी घरोघर फिरून माहिती भरते. कोणते खाते, कोणते ॲप, हे मुद्दाम लिहीत नाही. तिला त्रास व्हायला नको, आणि दुखणे एकाच खात्याचे नाहीही. डोळखांबच्या बाजूला पाड्यांवर रेंज मिळत नाही, म्हणून फॉर्म फोनमध्ये सेव्ह करायचे आणि मोठ्या रस्त्याला आल्यावर अपलोड करायचे, अशी सोय त्या ॲपमध्ये आहे. सोय चांगली आहे. एका पावसाळ्यात सकाळी तिने ॲप उघडले तर पडद्यावर एकच चौकट: नवीन आवृत्ती घ्या. पुढे जायला दुसरी वाटच ठेवलेली नव्हती. तिचा फोन जुना, त्यावर नवी आवृत्ती काही केल्या बसेना. व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारले तेव्हा वरून उत्तर आले, ‘ॲप काढून टाका आणि पुन्हा इन्स्टॉल करा.’ तिने केले. ॲपबरोबर त्यात साठवलेले, अजून न पाठवलेले सगळे फॉर्म गेले. चिखल तुडवत जाऊन, एकेका घराच्या ओटीवर बसून, प्रत्येकाचे आधार कार्ड मागून भरलेले फॉर्म होते ते. दुसऱ्यांदा गेल्यावर लोक विचारायचे, ‘परवाच तर नेलंस ना सगळं लिहून?’

ही चूक कोणाची, असे आपण विचाराल तर माझ्या अनुभवाने सांगते: एका माणसाची नाही. सल्ला देणाऱ्याला फोनमध्ये काय साठते हे माहीत नव्हते. ज्या प्रोग्रामरला ते माहीत होते, त्याला पाड्यावर काय चालले आहे याची खबर नव्हती. नवी आवृत्ती सक्तीची करायचा निर्णय तिसऱ्याच कोणी घेतला. तिघांची तोंडे तीन दिशांना होती आणि मध्ये माझी जाऊ सापडली.

आमच्या व्यवसायाला हे दुखणे पूर्वीपासून ठाऊक आहे. लिहिणारे वेगळे, सर्व्हर सांभाळणारे वेगळे, आणि बिघाड झाला की दोघे एकमेकांकडे बोट दाखवणार. जून २००९ मध्ये कॅलिफोर्नियात एका परिषदेत फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळाच्या जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी सांगितले, की आम्ही दिवसातून दहापेक्षा जास्त वेळा नवा कोड सोडतो, कारण लिहिणारे आणि चालवणारे आमच्याकडे एकत्र बसतात. त्याच वर्षी बेल्जियममधल्या गेन्ट शहरात पॅट्रिक डेबॉय यांनी याच विषयावर पहिले संमेलन भरवले, आणि डेव्हऑप्स हे नाव रूढ झाले. आज ही पद्धत सोबत घेऊनच नवी मुले आमच्याकडे नोकरीला लागतात. शासनासाठी काम करणाऱ्या कंपन्या आपल्या खासगी ग्राहकांसाठी हीच पद्धत वापरतात. मग सापगावच्या माणसासाठी का वापरत नाहीत, हा माझा पहिला प्रश्न.

आपण एकात्मिक डेव्हऑप्स प्लॅटफॉर्म स्वीकारावा, अशी माझी विनंती आहे. ज्यांचा या विषयाशी संबंध नाही अशा अधिकाऱ्यांसाठी सांगते. सध्या बहुतेक ठिकाणी कोड एका जागी असतो, तक्रारी एक्सेलमध्ये, चाचणीचे अहवाल कोणाच्या तरी लॅपटॉपवर, मंजुरी फोनवर आणि सर्व्हरचा पासवर्ड एका माणसाच्या डोक्यात. तो रजेवर गेला की काम अडले. एकात्मिक प्लॅटफॉर्मवर हे सगळे एका साखळीत येते. शहापूरच्या महा ई-सेवा केंद्रातून तक्रार आली की तिला क्रमांक पडतो. त्या तक्रारीसाठी केलेला कोडमधला बदल त्याच क्रमांकाला जोडला जातो. दुसरा माणूस तो बदल वाचून मान्य करतो. मान्य होताच चाचण्या आपोआप सुरू होतात, आणि एक जरी नापास झाली तरी बदल पुढे सरकत नाही. पास झाला तर चाचणीच्या सर्व्हरवर, तिथून थोड्या लोकांपर्यंत, आणि चुकांचे प्रमाण वाढलेले नाही असे दिसले तरच सर्वांपर्यंत. मध्येच काही बिनसले तर एका बटणावर जुनी आवृत्ती परत. कोणता बदल कोणी, कधी, कशासाठी केला याची नोंद कायम राहते. उद्या कोणी माहितीच्या अधिकारात मागितली तर देता येईल इतकी स्वच्छ.

यातला ‘थोड्या लोकांपर्यंत’ हा टप्पा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो आणि आपल्याकडे नेमका तोच गाळला जातो. शासकीय सेवा सुरू होते ती लोकार्पणाने. १ मे, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी अशी तारीख आधी ठरते, मग त्या तारखेला सॉफ्टवेअर बसवायची धावपळ होते, आणि मान्यवरांनी कळ दाबली की ते एकदम अख्ख्या राज्यावर सुटते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ ला आला, ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर सुरू झाली. या दोन्ही सेवांबद्दल मी मनापासून आभारी आहे. पंधरा रुपयांत घरबसल्या सातबारा निघतो, हे आमच्या आबांना सुरुवातीला खरेच वाटत नव्हते. ई-पीक पाहणीत रेंज नसताना नोंद साठवण्याची आणि नंतर स्वतः चूक दुरुस्त करण्याची सोय दिली, तेव्हा शेतावर जाऊन आलेल्या कोणीतरी विचार केलेला आहे हे जाणवले. समारंभालाही माझी हरकत नाही. फक्त समारंभाच्या आधी ती सेवा दोन-तीन तालुक्यांत गाजावाजा न करता महिना-दोन महिने चालू असावी, आणि समारंभानंतरची प्रत्येक सुधारणाही त्याच वाटेने यावी. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्राने भाताचे नवे वाण काढले तर ते पहिल्याच वर्षी सगळ्या कोकणातल्या खाचरांत लावा असे कोणी सांगत नाही. वर्षानुवर्षे निरनिराळ्या ठिकाणी लावून, रोग पडतो का, पाण्यात आडवे होते का, हे बघून मगच ते शेतकऱ्याच्या हाती देतात. कर्जत-३ आमच्याकडे रुजले ते त्या धीरामुळे.

एकदम सगळीकडे सोडण्याची किंमत काय असते, हे १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक लहानशी फाइल सगळ्या ग्राहकांना एकाच वेळी पाठवली. तीत दोष होता. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. विमाने अडकली, रुग्णालये खोळंबली, आपल्या देशात विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. कंपनीने दीड तासाच्या आत ती फाइल मागे घेतली होती, पण बंद पडलेला संगणक मागे घेतलेली फाइल वाचणार कसा? प्रत्येक यंत्राजवळ माणूस जाऊन बसला तेव्हा ते सुरू झाले. पहिल्या तासाला ती फाइल शंभरातल्या एकालाच गेली असती तर ही बातमी झालीच नसती. कंपनीने पुढे टप्प्याटप्प्याने सोडण्याचे जाहीर केले. तेवढी मोठी किंमत मोजल्यावर शिकायचे की आधी, हे आपल्या हातात आहे.

हाताने सर्व्हरवर फाइल चढवण्याची सवय तर ताबडतोब थांबवावी. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीत आठ सर्व्हरपैकी सातांवर नवा कोड गेला, आठव्यावर टाकायचा राहिला. त्या आठव्यावरचा जुनाट कोड जागा झाला आणि सुमारे पाऊण तासात कंपनीचे ४४ कोटी डॉलर बुडाले. विसरणारा माणूस आळशी असेलच असे नाही. रात्री उशिरा, साहेबांचा फोन चालू असताना कोणीही विसरेल. म्हणूनच ते काम माणसाकडे ठेवायचे नाही.

आता चाचण्यांबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते आपले पैसे सगळ्यांत जास्त इथेच वाया जातात. चाचणी होते, पण ती वातानुकूलित खोलीत, नव्या फोनवर, वायफायवर. गट नंबर टाकला जातो १२३, नाव टाकले जाते तीन शब्दांचे, इंग्रजी अक्षरांत. आमच्याकडे गट नंबरला पोटहिस्सा असतो, पोटहिश्शाला पुन्हा अ आणि ब. एका सातबाऱ्यावर मयत आजोबा, तीन काका, लग्न होऊन गेलेल्या आत्या आणि त्यांच्या वारसांची नावे एकत्र असतात; कोणाचे आडनाव आधारवर एक, सातबाऱ्यावर दुसरे. काही क्षेत्र पोटखराब, काही वरकस. कातकरी वाडीतल्या कित्येकांच्या जन्मतारखा १ जानेवारी किंवा १ जून अशा अंदाजाने घातलेल्या. मजुरी करून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. हे सगळे अपवाद आहेत असे मुंबईत वाटते. किन्हवली किंवा टोकावड्याला हेच नेहमीचे आहे. प्रत्येक तालुक्यातल्या तलाठ्यांकडून, आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडून, अडलेली प्रकरणे नावे बदलून मागवा आणि त्यांचा एक कायमचा चाचणीसंच करा. प्लॅटफॉर्मवर तो एकदा बसवला की पुढे प्रत्येक बदलाला त्यातून जावे लागेल. सोबत जुना फोन, टू-जी इतके मंद नेटवर्क आणि मध्येच तुटणारे कनेक्शन यांचीही चाचणी लावा. यंत्रावर हे सगळे कृत्रिमरीत्या घडवता येते, डोळखांबला यायची गरज नाही. आलात तर चांगलेच.

भाराचा अंदाज येत नाही, ही सबब मात्र मला मान्य नाही. राज्यात खातेदार किती, अर्जाची मुदत किती दिवसांची, शेवटच्या दिवसांत किती गर्दी होते, याचे जुने आकडे शासनाकडेच आहेत. तरी मुदत संपत आली की सर्व्हर बसतो. केंद्रचालक मग रात्री एक-दोन वाजता दुकान उघडतात, कारण तेव्हा सर्व्हर हलका असतो, आणि मुरबाडच्या पाड्यावरची म्हातारी बाई अंगठा द्यायला अपरात्री येऊ शकत नाही. शेवटी मुदतवाढ मिळते. ज्याला पहिल्या मुदतीतच दोन दिवसांची मजुरी बुडवून दोन हेलपाटे घालावे लागले, त्याला मुदतवाढीने काय परत मिळते?

आणि ई-पीक पाहणीत होणाऱ्या पिकाच्या नोंदी कागदापुरत्या नाहीत. आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्रावर हमीभावाने भात घालायचे तर सातबाऱ्यावर त्या हंगामातल्या भाताची नोंद लागते. २०२५-२६ साठी साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये होता. नोंद राहिली तर भात व्यापाऱ्याच्या वजनकाट्यावर जाते आणि तो देईल तो भाव घ्यावा लागतो. अतिवृष्टीची भरपाई, पीक विमा, पीककर्ज, सगळीकडे हीच नोंद पाहिली जाते. म्हणून कोणत्याही सेवेच्या मुदतीचे शेवटचे दहा दिवस नवी आवृत्ती सोडू नये, तातडीची दुरुस्ती तेवढी अपवाद, असा नियम लेखी करावा. आमच्या व्यवसायात दिवाळीच्या खरेदीच्या काळात दुकानांची संकेतस्थळे हा नियम डोळ्यांत तेल घालून पाळतात. शेतकऱ्याच्या हंगामाला तेवढा मान मिळावा.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येते आणि पदनिर्देशित अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. कायदा चांगला आहे, पण पोर्टल बंद होते म्हणून दाखला रखडला तर लोकांच्या शिव्या आणि वरिष्ठांची विचारणा शहापूरच्या टेबलावर बसलेल्या कर्मचाऱ्याच्या वाट्याला येते, ज्याच्या हातात त्या सर्व्हरचे काहीही नसते. सेवा बंद असलेला प्रत्येक तास प्लॅटफॉर्मवर आपोआप नोंदवला जाऊ द्या आणि तो मराठीत, सर्वांना दिसेल असा ठेवा: कोणती सेवा बंद आहे, कधीपासून, केव्हा सुरू होईल. आज ही माहिती केंद्रचालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘कोणाचे चालू आहे का?’ असे विचारून मिळवावी लागते. तेवढी एक पाटी जरी दिसली तरी माणूस एसटीचे भाडे खर्चून तालुक्याला येणार नाही.

निविदांकडे वळते. सॉफ्टवेअर ‘सुरू झाले’ या टप्प्याला मोठे बिल निघते आणि नंतरच्या देखभालीला किरकोळ, त्यामुळे सगळ्यांचा जीव त्या पहिल्या तारखेत अडकतो. आमच्या व्यवसायात चार मापे मानली जातात: नवा बदल किती वेळा सोडला, लिहिल्यापासून लोकांपर्यंत पोचायला किती वेळ लागला, सोडलेल्यांपैकी किती बदल बिघडले आणि बिघाड झाल्यावर सेवा किती वेळात पूर्ववत झाली. देयकाचा काही हिस्सा शेवटच्या दोन मापांवर बांधा. आकडे प्लॅटफॉर्ममधूनच निघतील, कंपनीने स्वतःच भरलेल्या तक्त्यातून नकोत.

कोड आणि त्याचा संपूर्ण इतिहास शासनाच्या ताब्यात, शासनाच्या प्लॅटफॉर्मवर असावा, ही अट तर आजच घाला. कंत्राट बदलले की नवी कंपनी शून्यापासून सुरू करते आणि पाच वर्षांपूर्वी दुरुस्त झालेल्या चुका आम्हाला पुन्हा भेटतात. यासाठी नवे धोरण लिहावे लागणार नाही. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे आणि शासकीय सॉफ्टवेअरचा कोड खुला करून एकत्रितपणे विकसित करण्याचे, अशी दोन्ही धोरणे केंद्राने २०१५ मध्येच आणली, आणि त्यासाठी ओपनफोर्ज हे कोड ठेवण्याचे व्यासपीठ उभे केले. आरोग्य सेतूचा अँड्रॉइड कोड मे २०२० मध्ये खुला झाला तेव्हा देशभरातल्या प्रोग्रामरनी तो वाचला. राज्याच्या सेवांचा कोड असा वाचायला मिळाला तर माझ्यासारखी कितीतरी माणसे रविवारी बसून चुका शोधून देतील, तेही फुकट.

कोणत्या कंपनीचा प्लॅटफॉर्म घ्यावा हे मी सांगणार नाही. गिटलॅबचे उदाहरण मात्र द्यावेसे वाटते, कारण त्याची मूळ आवृत्ती मुक्त स्रोत आहे आणि ती स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये चालवता येते. ती २०११ मध्ये लिहायला घेतली युक्रेनच्या दिमित्री झापोरोझेत्स यांनी. तेव्हा त्यांच्या घरी नळाचे पाणी नव्हते, सार्वजनिक विहिरीवरून आणावे लागे. मुंबईला पाणी पाजणारी धरणे उशाला असून उन्हाळ्यात हंडे वाहणाऱ्या आमच्या तालुक्यात ही गोष्ट मी कॉलेजच्या मुलांना आवर्जून सांगते.

याच कंपनीची दुसरी गोष्ट आपल्यासाठी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या एका इंजिनिअरने दुरुस्ती करताना चुकून मुख्य डेटाबेसच पुसला. बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या, वेळेवर त्यांतली एकही धड उपयोगी पडली नाही, आणि सुमारे सहा तासांची माहिती गेली. म्हणजे प्लॅटफॉर्म बनवणाऱ्यांकडेही घात होतो. नुसते परवाने विकत घेऊन, एक डॅशबोर्ड भिंतीवर लावून काही साधणार नाही. बॅकअप परत आणून बघण्याचा सराव दर महिन्याला करावा लागतो. पण त्या रात्री त्यांनी दुरुस्तीचे काम लोकांसमोर, थेट प्रक्षेपण करून केले, चूक कशी झाली ते तपशीलवार लिहून प्रसिद्ध केले आणि त्या इंजिनिअरला बळीचा बकरा केले नाही. आपल्याकडे बिघाड झाला की ‘तांत्रिक कारणास्तव’ एवढे दोन शब्द येतात. त्या दोन शब्दांऐवजी एक पानभर खरे कारण लिहिण्याची पद्धत सुरू करा. लिहिणाऱ्या कनिष्ठाला शिक्षा होणार नाही याची हमी वरिष्ठांनी द्यायला हवी, नाहीतर कोणी खरे लिहिणार नाही.

सगळ्या खात्यांनी एकदम सुरुवात करावी असे मी म्हणत नाही. तसे म्हटले तर मी वर लिहिलेले सगळे वाया जाईल. एक सेवा निवडा. तिचा कोड शासनाच्या ताब्यात घ्या, चाचण्या लावा, आणि पुढची प्रत्येक आवृत्ती आधी शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत सोडा. इथे महामार्गालगतची चांगली रेंजही आहे आणि माळशेजच्या पायथ्याची नसलेली रेंजही. भात, नागली, वरई करणारे शेतकरी आहेत, कंपनीत जाणारे आहेत, वाड्या-पाड्यांवरची कुटुंबे आहेत. फक्त आधी सांगा, की ही नवी आवृत्ती आहे, अडले तर या क्रमांकावर कळवा, आणि तुमचा जुना फॉर्म कुठेही जाणार नाही. आमची माणसे सांभाळून घेतील. गावातल्या केंद्रचालकांशी माझे बोलणे झाले आहे; अडचणी लिहून, पडद्याचे फोटो काढून पाठवायला ते तयार आहेत. चाचणीसंच मराठीत तयार करायला मी सुट्टीच्या दिवशी येईन, मानधन नको.

पुढच्या खरिपाची नोंदणी सुरू होण्याआधी कोणती सेवा निवडली आणि तिची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याकडे दिली, एवढे कळवावे.

आपली विश्वासू,
सापगावची एक रिलीज इंजिनिअर